सही

शुक्रवारी हात तीनदा धुतले
तरी फॉर्मॅलिन केसांत राहतंच.
मग टोपीलाही तोच वास.
ग्रँड फोर्क्सहून डेव्हिल्स लेक दीड तास,
सरळसोट रस्ता, दोन्हीकडे बर्फाखाली बीटची शेतं,
आणि समोरच्या काचेवरच्या झडपेला चिकटवलेल्या
मेंदूच्या बारा नसा.
नववी माझ्या लक्षात राहत नाही.
गिळण्याची.

महिन्यातून एक शनिवार-रविवार,
उन्हाळ्यात पंधरा दिवस,
भरतीच्या वेळी एवढंच सांगितलं होतं.
फी भागते, हे खरं.
पण रेड रिव्हरला कॅलेंडर कळत नाही.
एप्रिलमध्ये ती चढली तेव्हा
परीक्षा सोडून अकरा दिवस वाळूची पोती भरली.
डीनबाई म्हणाल्या, म्हणजे तू वैद्यकीय तुकडीत?
नाही मॅडम, ट्रक दुरुस्त करते.
त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला.

आई बेलकोर्टहून फोनवर विचारते,
जोझेट, नक्की काय होणार आहेस तू?
दोन दगडांवर पाय ठेवलायस.
मी म्हणते,
तिसरा दिसला तर कळव.

स्टेथोस्कोप हातात यायच्या दोन वर्षं आधी
सार्जंट ओर्डालनी लांब स्क्रूड्रायव्हर दिला होता.
टोक इंजिनावर, मूठ कानाशी.
"ऐक, डेलोर्म. आवाज कुठून येतो ते नको सांगू,
कुठला आवाज येत नाहीये ते सांग."
हृदयाच्या वॉर्डात मी अजून तसंच ऐकते.

आणि माझे फॉर्म तेच सही करतात.
"परीक्षेसाठी गैरहजर. दिवस नंतर भरून देईल."
कधी एका शब्दाने कुरकुर नाही.

या शनिवारी, उणे सव्वीस,
हजेरीला सगळेच कुडकुडत होते.
त्यांचा डावा हात शांत होता.
उजवा, मांडीशी सैल सोडलेला,
अंगठा आणि बोट
चिमूटभर तंबाखू मळावी तसे
एकसारखे, सावकाश.
त्यांनी तर तंबाखू कधीच सोडलीय.
मी फॉर्म पुढे केला.
पेन हातात घेतलं
आणि बोटं थांबली.

गुरुवारचं लेक्चर होतं ते. स्लाइड चौदा.
गुरुवारच्या आधी मी
बोचऱ्या वाऱ्याला दोष दिला असता.

त्यांच्या पेन्शनला चौदा महिने आहेत.
मला डॉक्टर व्हायला अडीच वर्षं.
रांगेत माझी जागा तिसरी, डावीकडून.
रांगेतून कुणी निदान सांगत नाही.
थँक यू, सार्जंट, म्हटलं
आणि दिवसभर ब्रेकचे पाइप बदलले.

रविवारी रात्री स्वयंपाकाच्या टेबलावर
सातही फॉर्म तारखेप्रमाणे लावले.
पहिल्या सहीतला 'ओ' वॉशरएवढा, बेफिकीर.
चौथ्यात वाटाणा.
सातव्यात खसखशीचा दाणा,
पुढची अक्षरं एकमेकांना बिलगून
रेघेखाली उतरत गेलेली.
दोन वर्षं ही कागदपत्रं माझ्याच फाइलमध्ये होती.
मी फक्त तारखा बघत होते.

सोमवारी, प्रश्न एकतीस:
अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष. चालताना एक हात हलत नाही.
पत्नी म्हणते, अक्षर बारीक होत चाललंय.
मला चार सेकंद लागले.
गुण एक.
बाकीचा पेपर कसा लिहिला, आठवत नाही.

पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून फोन लावला.
सार्जंट, अजून एक सही हवी होती.
"आता कसली परीक्षा?"
परीक्षा नाही.
पलीकडे डेपोतली पान्यांची खणखण
एक एक करत थांबली, की मला तसं वाटलं.
मग कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही.
कुठला आवाज येत नाहीये
ते दोघंही ऐकत राहिलो.

"वारा आहे रस्त्यावर," ते म्हणाले,
"टाकी भरून नीघ."